क्रूझच्या केबिनमध्ये लहान मुलांना झोपवायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावचं कुटुंब: नवरा-बायको, नवऱ्याची आई, ९ महिन्यांचं बाळ, ४ वर्षांचा मुलगा आणि ७ वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोवा-लक्षद्वीप अशी ४ रात्रींची क्रूझ करायची आहे. एजंट म्हणतो, चार जणांची एकच केबिन घ्या, बाळ मांडीवर राहील आणि मधला आजीजवळ झोपेल. हे चालेल का, आणि नसेल चालत तर कुणाला कुठं झोपवायचं?

चालणार नाही. बस-रेल्वेतला ‘मांडीवरचं पोर’ हा हिशोब जहाजावर नसतो. केबिनमध्ये किती माणसं राहणार हे नुसत्या खाटांवर ठरत नाही. प्रत्येक केबिनला एक मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, आणि लाईफबोट नेमून दिलेली असते, आणि त्या बोटीत ९ महिन्यांचं बाळही एक पूर्ण माणूस म्हणून मोजलं जातं. ‘चार जणांची केबिन’ म्हणजे बाळ धरून चार. तुम्ही सहा आहात, तेव्हा दोन केबिन घ्याव्याच लागतील. कधी कधी केबिनमध्ये चौथा बर्थ दिसत असतो, तरी कंपनी चौथं नाव घालू देत नाही. अशा वेळी बहुतेकदा त्या भागातल्या बोटीच्या जागा भरलेल्या असतात. तिथं एजंटशी भांडून काही मिळत नाही. लहान मुलं असलेल्या कुटुंबानं बुकिंग लवकर करावं, ते यासाठीच.

वयाचं आधी पाहा. बहुतेक कंपन्यांची अट आहे की जहाज सुटण्याच्या दिवशी बाळ किमान ६ महिन्यांचं हवं. सलग तीन किंवा जास्त दिवस फक्त समुद्रात जाणार असतील, तर हीच अट सहसा १२ महिन्यांची होते. तुमचं बाळ ९ महिन्यांचं आहे, तेव्हा मार्गात सलग किती दिवस किनारा नाही हे एजंटकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो, चालतंय’वर जाऊ नका, बंदरावर अडवलं तर परतीच्या गाडीत बसण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

आता दोन केबिन कोणत्या. ‘कनेक्टिंग’ म्हणजे मधून दार असलेल्या आणि ‘अ‍ॅडजेसंट’ म्हणजे नुसत्या शेजारच्या. एजंट या दोन्हींना ‘जवळजवळच्या’ म्हणून मोकळा होतो. तुम्हाला मधल्या दाराच्या हव्यात. नाही मिळाल्या तर शेजारच्या किंवा समोरासमोरच्या घ्या. वेगळ्या मजल्यावरच्या मात्र स्वस्त मिळाल्या तरी नकोत. प्रत्येक केबिनच्या नावावर एक मोठं माणूस लागतं, तेव्हा बुकिंगमध्ये एका केबिनवर आई आणि दुसऱ्या केबिनवर बाबा असं लिहून घ्या.

जागा निवडताना जहाजाचा नकाशा उघडून बसा. लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावा सगळ्यात कमी लागतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी केबिन घ्या. डोक्यावर स्विमिंग पूल असला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असला तर रात्री एकपर्यंत जमीन थडथडते. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर बंदरात शिरताना थ्रस्टरचा, म्हणजे जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्याचा, गडगडाट होतो, तोही नेमका बाळाच्या पहाटेच्या झोपेत.

बाल्कनीबद्दल माझं मत सरळ आहे: घरात रांगणारं एक आणि चार वर्षांचं एक असताना बाल्कनीचे पैसे भरू नका. कठडा साधारण १.१ मीटरचा असतो, म्हणजे चार वर्षांच्या पोराला उभं राहून तो पुरेसा उंच आहे. पण बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल ठेवलेलं असतं, आणि तीच त्याची शिडी होते. आधीच घेतली असेल तर पहिल्याच तासात स्टुअर्डला, म्हणजे केबिनची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला, सांगून फर्निचर बाहेर काढायला लावा आणि सरकत्या दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवा. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं तर वाऱ्याच्या झोताने त्यातलं एक दार धाडकन आपटतं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी उघडायची नाहीत. न उघडणाऱ्या काचेच्या खिडकीची किंवा आतली, बिनखिडकीची केबिन तुमच्यासाठी बरी. खिडकीच्या केबिनमध्ये काचेखाली रुंद ओटा असतो. मुलं त्यावर चढून बसतात. समुद्रात पडण्याची भीती नसते, पण झोपेत तिथून खाली जमिनीवर पडतात. ओट्यावर झोपू द्यायचं नाही.

माझ्या मते वाटणी अशी करावी. पहिल्या केबिनमध्ये आई, आजी आणि बाळ. दुसऱ्या केबिनमध्ये बाबा आणि दोन्ही मोठी मुलं. रात्रीचं दूध आणि लंगोट एका खोलीत आटोपतं, दुसऱ्या खोलीतली झोप मोडत नाही. आजींना वरचा बर्थ कोणी सुचवला तर ऐकू नका. गुडघे, रात्री लघवीला उठणं आणि हलणारी शिडी, तिन्ही एकत्र नकोत.

बाळासाठी कॉट बुकिंगच्याच वेळी मागायची. ती मोफत असते पण मोजकीच असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत जहाजभर लेकुरवाळी कुटुंबं असतात. पाठोपाठ केबिनच्या जमिनीचं माप विचारा. जाळीच्या घडीच्या कॉटला साधारण १०० बाय ७० सेंटिमीटर जागा लागते, आणि तेवढं करूनही दार आणि बाथरूमपर्यंतची वाट मोकळी राहायला हवी. लहान केबिनमध्ये दोन खाटा वेगळ्या ठेवल्या तर मध्ये कॉट मावत नाही. तिथं खाटा जोडून घ्यायच्या, म्हणजे एका बाजूला जागा निघते.

कॉट आल्यावर ती स्टुअर्डने उघडलेली असली तरी स्वतः तपासा. आधी वरचे चारही दांडे वर ओढून ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत अडकवायचे, मग तळाचा मधला भाग खाली दाबायचा. क्रम उलटा झाला तर दांडे नीट अडकत नाहीत. दिसायला कॉट उभी असते, पण बाळाने धरून उभं राहिल्यावर दांडा मधोमध मोडून आत ‘व्ही’सारखा खाली येतो आणि मान त्यात सापडते. चारही दांड्यांवर मध्यभागी जोरात हात दाबून पाहा. गादी त्या कॉटचीच, पातळ आणि टणक. स्टुअर्ड मायेने खाली जाड दुलई घडी करून घालतात, ती काढायची. गादी आणि जाळी यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. चाकं असतील तर लॉक करा आणि कॉट खाटेला समांतर, तिच्या बाजूला लावून ठेवा. जहाज हललं तर सरकायला जागा उरत नाही. पडद्याची दोरी, टीव्हीची वायर, हेअर ड्रायरची वायर हाताच्या अंतरापलीकडे असाव्यात. एसीच्या झोताखाली किंवा उघडलेल्या वरच्या बर्थखाली कॉट लावू नका. अशा कॉटची वजनाची मर्यादा सहसा १३-१४ किलो आणि उंचीची सुमारे ८९ सेंमी असते. बाळ कठड्यावर पाय टाकू लागलं असेल, तर वजन कितीही असो, कॉट बाद.

कॉटमध्ये काय ठेवायचं? फक्त बाळ, पाठीवर उताणं. पहिलं वर्ष उशी नाही, चादर नाही, बाहुली नाही. इथं आजींशी थोडा वाद होईल, कारण आपल्याकडे डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी आणि अंगावर मऊ गोधडी ही मायेची रीत आहे. मोहरीची उशी घरीच ठेवा. गोधडी बरोबर न्या, पण आजींच्या अंगावर घालायला. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी झोपताना काढायची. जाळीत किंवा कॉटच्या कोपऱ्यात अडकून गळफास बसू शकतो. कमरेचा करदोटा घट्ट असेल तर तोही सैल करा.

गोधडीचा वाद मुळात थंडीतून येतो. जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांत कूलरपुढे वाढलेल्या घराला केबिनचा एसी गारठ्यासारखा लागतो, आणि मग बाळाला गुंडाळण्याचा मोह होतो. तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवा. बाळाला सुती झबलं, त्यावर बिनबाह्यांची, अंगात घालायची झोपेची पिशवी. डोक्याला टोपी नको. बाळाचं शरीर जास्तीची उष्णता डोक्यावाटे सोडतं. मानेच्या मागं हात लावून पाहा. मान घामट लागली तर एक थर काढा. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, बाळांचे ते तसेच असतात.

आता झोळी. आपल्याकडे लुगड्याच्या झोळीशिवाय बाळ झोपतच नाही, आणि जहाजावर आल्यावर आजींची नजर वर जाते, की झोळी कुठं बांधायची. कुठंच नाही. वरच्या बर्थची शिडी आणि दांडे झुलत्या वजनासाठी बनवलेले नसतात. केबिनच्या भिंती पोलादी असल्यामुळे चुंबकाचे हुक मस्त चिकटतात, पण ते टोपी-पिशवी अडकवायला. त्यांवर बाळाचं वजन नाही. आणि छताला जी छोटी पितळी तोटी दिसते तो आग विझवायचा स्प्रिंकलर आहे. त्याला ओला लंगोटसुद्धा अडकवायचा नाही. त्या तोटीतली छोटी काच फुटली की काळं, साचलेलं पाणी मिनिटात सगळी केबिन भिजवतं. जहाजावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी बाळाला घरीच सपाट जागी झोपायची सवय लावा. दुपारच्या झोपेपासून सुरुवात करा, दुपार जमली की रात्र जमते.

बाळाला आईजवळ खाटेवर घेऊन झोपायचं म्हणाल, तर केबिनची खाट त्यासाठी वाईट आहे. दिसायला ती मोठी डबल असते, प्रत्यक्षात दोन अरुंद खाटा जोडून वर एक चादर ताणलेली असते. मधली फट झोपेत उघडते. भिंतीकडच्या बाजूला गादी आणि भिंत यांच्यातही फट असते, आणि ती जास्त धोक्याची, कारण तोंड खाली गेलेलं बाळ तिथून स्वतः निघू शकत नाही. खाटेला लावायचा सुटा कठडा २ वर्षांखालच्या मुलांसाठी नसतोच. गादी आणि कठड्यामध्ये बाळ अडकतं. दूध पाजून झालं की परत कॉटमध्ये. पाजता पाजता सोफ्यावर डोळा लागणं तर सगळ्यात वाईट, म्हणून रात्री पाजायला खाटेवरच बसा.

दुसरी केबिन. ४ वर्षांचा मुलगा जमिनीच्या पातळीवर, बाबांशेजारी, भिंतीच्या बाजूला. त्या बाजूची फट गुंडाळलेल्या टॉवेलने गच्च भरा. टॉवेल चादरीच्या खाली घ्या, म्हणजे रात्री निसटत नाही. दोन खाटा वेगळ्या करून घेतल्या असतील, तर मुलाच्या खाटेच्या मोकळ्या बाजूला तसाच टॉवेलचा जाड वळा चादरीखाली घालायचा आणि खाली जमिनीवर ब्लँकेट अंथरायचं. उशा रचून कठडा करू नका, एका हेलकाव्यात त्या घसरतात.

वरचा बर्थ म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली उतरणारी फळी. तो ६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. मुलगी ७ वर्षांची आहे, तेव्हा नियमात बसते, पण आधी दिवसाउजेडी तिला शिडीवरून चार वेळा चढ-उतर करायला लावा. तोंड शिडीकडे, दोन्ही हात धरलेले. रेल्वेच्या वरच्या बर्थवर झोपलेली असेल तर तिला ही सवय असेल, फरक इतकाच की इथं जहाजाबरोबर फळीही बाजूला झुकते. कठडा गादीच्या वर निदान १२-१३ सेंमी आहे ना, आणि कठड्याच्या दांड्यांमधली फट ९ सेंमीपेक्षा कमी आहे ना, ते पट्टीने पाहा. मुलगी झोपेत चालत असेल, अंथरूण ओलं करत असेल किंवा उलटीचा त्रास असेल, तर वर नको. मग सोफा-कम-बेड असलेली केबिन मागा. दिवसा फळी वर दुमडून घ्यायची, नाहीतर मधला भाऊ तिच्यावर चढतोच. शिडी रात्री लावायची, सकाळी काढायची.

केबिनचं दार हे चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत माझ्या दृष्टीनं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण आहे. दार जड, आपोआप बंद होणारं असतं, कारण ते आगीसाठीचं दार आहे. बोटं सापडतात ती बिजागरीच्या बाजूला. आणि ते आतून नुसती मूठ खाली दाबली की उघडतं, कडी लावलेली असली तरी. आगीत कोणी आत अडकू नये म्हणून ते तसं केलेलं असतं. म्हणजे पहाटे चार वाजता झोपेतून उठलेला मुलगा बाथरूम समजून बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊ शकतो. पॅसेज सगळे सारखे दिसतात, आणि दार मागे बंद झालं की त्याच्याकडे किल्ली नसते. दारासमोर बॅगा रचायच्या नाहीत; आग लागली तर तुम्हीच अडकाल. दाराच्या वरच्या भागात चुंबकाच्या हुकाला घुंगरांची छोटी माळ लावा, बाळाचा हात पोचणार नाही इतकी उंच. बॅटरीवर चालणारा दाराचा अलार्म मिळतो, तो आणखी चांगला. बाथरूमची वाट कळावी म्हणून बॅटरीचा मंद दिवा लावा. आतली केबिन दिवसासुद्धा अमावास्येसारखी काळी असते. मुलाच्या शर्टाच्या आत केबिन नंबर आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी पिनेऐवजी टाक्याने लावा.

बाथरूमच्या उंबरठ्याला मुद्दाम उंची दिलेली असते, त्याला ठेच लागते. आत बादली-मग नसतो, शॉवर असतो. गरम पाणी एकदम कडकडीत येऊ शकतं, आधी स्वतःच्या मनगटावर घ्या. बाळाला तेल लावून तिथं अंघोळ घातली तर ती फरशी दिवसभर घसरडी राहते. मालिश कॉटजवळ टॉवेलवर करा आणि तेल पुसून मग न्या. संडास हवेच्या दाबाने ओढून घेतो आणि आवाज मोठा असतो, चार वर्षांचं मूल घाबरतं. बसलेलं असताना फ्लश करू नका. लंगोट, वाइप्स त्यात टाकले तर पूर्ण रांगेतले संडास बंद पडतात.

इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री, अगरबत्ती, दिवा यांवर बंदी असते. सामान तपासताना काढून ठेवतात. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही, जहाजाची वायरिंग जमिनीवरच्या घरासारखी नसते आणि त्या बोर्डमुळे आग लागू शकते. बाटल्या धुवायला उकळतं पाणी डायनिंगमधून थर्मासमध्ये मागून आणा आणि तो थर्मास पोरांच्या हाताबाहेर ठेवा. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेता येत नाही. सीलबंद बेबी फूड चालतं. रावेर-यावलच्या माणसाला केळी घरी ठेवा म्हणणं जिवावर येतं, पण जहाजावर केळी मिळतात.

मुलं झोपली की दार लावून जेवायला जाणं बंद. बेबी मॉनिटरवर विसंबू नका, पोलादी भिंतींतून सिग्नल दोन दारांपलीकडे जात नाही. एक मोठं माणूस खोलीत, दोघं जेवायला, मग अदलाबदल. किंवा पहिली, लवकरची जेवणाची पाळी घ्या. मुलांच्या क्लबमध्ये सहसा ३ वर्षांवरची, लंगोट सुटलेलीच मुलं घेतात, तेव्हा बाळासाठी तो पर्याय धरू नका.

उलटीसाठी घरातली अ‍ॅवोमिन बाळाला देऊ नका. तिच्यात प्रोमेथाझिन असतं, आणि २ वर्षांखालच्या मुलांचा श्वास त्याने मंदावतो. ‘प्रवासात शांत झोपेल’ म्हणून तर मुळीच नाही. मोठ्या दोघांसाठी निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या.

लाईफ जॅकेट. केबिनमध्ये आधीच ठेवलेली जॅकेट मोठ्यांची असतात, लहानांची मागावी लागतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाला इन्फंट, १५ ते ४३ किलोला चाइल्ड, असे माप असतात. म्हणजे बाळासाठी पहिलं. चार वर्षांच्या मुलाचं वजन घरी करून ठेवा, तो सीमेवर असू शकतो. अंगावर घालून पट्ट्या आवळून पाहा. बाळाला छातीच्या झोळीत अडकवून वरून आपलं जॅकेट घालायचं नाही, दोघांना वेगळं हवं. सात छोटे आणि एक लांब भोंगा हा इशारा. लिफ्ट नाही, स्ट्रोलर नाही. कुणी कुणाला उचलायचं हे आधीच ठरवा: आई बाळ, बाबा मधला, मुलगी आजीचा हात धरून. ही मस्टर ड्रिल आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर बदललेला नियम १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे. बाळ झोपलंय म्हणून ड्रिल चुकवू नका.

शेवटी बॅगांचं. चढताना दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. जळगावहून ४००-४२० किलोमीटरचा रात्रीचा प्रवास करून आलेल्या बाळाला तोवर थांबवता येत नाही, म्हणून हातातल्या पिशवीत एका दिवसाचे लंगोट, दूध, दोन कपडे, झोपेची पिशवी, औषधं आणि मुलांची ओळखपत्रं. शेवटच्या रात्री बॅगा पॅसेजमध्ये ठेवायला सांगतात आणि सकाळी त्या थेट बंदरावरच मिळतात. त्या रात्रीचे लंगोट त्या बॅगेत गेले, तर पहाटे दोन वाजता कुणाला उठवणार?